फाईल फुगलीय, काय करू? : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याचे निघाले. घराच्या नकाशाची नाहीतर मॉडेलची फाईल (रेविट, ऑटोकॅड, स्केचअप या सॉफ्टवेअरमधली) फुगली, उघडेना झाली, मेलनं जाईना, पोर्टल घेईना. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आणि सगळं सदर या एकाच विषयाला दिलं. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण खाली ती परत परत येणारच आहे, आपण स्वतः काढलेल्या रेषांनी फाईल फारशी फुगत नाही हो, फुगते ती दुसऱ्याकडनं आणलेल्या मालानं. कुणाची जुनी ड्रॉइंग, कुठनं तरी डाउनलोड केलेला सोफा, सर्व्हेवाल्यानं पेनड्राइव्हवर दिलेली फाईल. घरात पाहुणे कुणी आणले ते आठवलं की गर्दी का झाली ते कळतं, तसंच. आणि कमांड सगळ्या इथं मराठीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

प्रश्न : सर, मी निपाणीचा, वय २४, बेळगावात एका आर्किटेक्टकडं कामाला आहे. रेविटमध्ये तीन विंगचं अपार्टमेंट करायलोय, पार्किंग प्लस सात. फाईल ६८० एमबी झालीय. सकाळी उघडायला लावून खाली चहा पिऊन येतो तरी उघडलेली नसते. पर्ज केलं तर १२ एमबी कमी झाले फक्त. मशीन १६ जीबी रॅमचं. मालक म्हणतात रॅम वाढवू, मला वाटतं फाईलच कमी करायला पाहिजे. कोण बरोबर?

वय लिहिलंस म्हणून अरेतुरे करतो, रागावू नको. दोघंही बरोबर, पण तू जरा जास्त. रेविटवाल्यांचा जुना हिशोब असा की फाईलच्या वीसपट रॅम लागते, म्हणजे ६८० एमबीला साधारण साडेतेरा जीबी, त्यात विंडोज आलं, ब्राउझर आला, तुझं व्हॉट्सअॅप वेब आलं, म्हणजे १६ अगदी काठोकाठ. मालकांनी ३२ करून दिली तर नाही म्हणू नको. पण फाईल उद्या ९०० होईल तेव्हा परत तेच रडगाणं.

पर्ज केल्यावर १२ एमबीच गेले यातच उत्तर आहे बघ. पर्ज काढतं ते न वापरलेलं. तुझा भार वापरात असलेल्या वस्तूंचा आहे. म्हणून आधी वजन करायचं. फाईल मेनूतनं सेव्ह अॅज, मग लायब्ररी, मग फॅमिली, आणि तिथं ऑल फॅमिलीज निवडून एका रिकाम्या फोल्डरात सगळ्या फॅमिली, म्हणजे दार, खिडकी, नळ, फर्निचर असल्या तयार वस्तू, ओतायच्या. वेळ लागतो, लागू दे, जेवायला जा. आलास की फोल्डर साइजप्रमाणं लाव, मोठी वर. पहिल्या दहा नावांतच चोर सापडतो.

आमच्या ऑफिसात सापडला होता तो एक बेसिनचा नळ होता, १८ एमबीचा. दार-खिडकीची नेटकी फॅमिली एक एमबीच्या आत बसते आणि हा नळ १८! उघडून बघितलं तर आत वॉशर, स्प्रिंग, स्क्रू, आणि स्क्रूवर आटेसुद्धा पाडलेले. कारखान्यात नळ बनवायला जे मॉडेल केलेलं असतं तेच कुणीतरी उचलून फॅमिलीत टाकलेलं. आपल्याला प्लॅनमध्ये त्या नळाचा एक ठिपका दिसतो, आणि त्याच्या आतल्या स्प्रिंगचा भार रोज सगळं ऑफिस वाहतंय. तो काढून साधा दोन-तीन एक्स्ट्रूजनचा नळ केला, अर्धा तास लागला. अशा वस्तू एडिट फॅमिलीत उघडून सोप्या करायच्या नाहीतर सरळ बदलायच्या.

तिथंच आणखी एक बघ. व्ह्यूमध्ये व्हिजिबिलिटी ग्राफिक्स उघडून इंपोर्टेड कॅटेगरीजचा टॅब काढ. तिथं इंपोर्ट्स इन फॅमिलीज नावाची ओळ असेल आणि तिच्या पोटात पन्नास-शंभर लेयर असतील तर समज की कुठल्यातरी फॅमिलीच्या आत कॅडची ड्रॉइंग बसलीय. लायब्ररीतल्या फुकट फर्निचरात हे हमखास.

आता सर्व्हे. तीन विंगच्या कामात सर्व्हेवाल्याची डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाईल, आणलीच असशील, आणि मला खात्री आहे की ती लिंक न करता इंपोर्ट केलीयस, वर करंट व्ह्यू ओन्लीची खूण पण केली नसशील, आणि कुणीतरी ती एक्स्प्लोडही केली असेल. एक्स्प्लोड केलं की हजारो सुट्या रेषा, त्यांच्या स्टाइल, त्यांचे लाइन पॅटर्न सगळं मॉडेलात मिसळतं, चहात साखर टाकून परत काढण्यातला प्रकार होतो. लिंक असली तर काम झाल्यावर मॅनेज लिंक्समध्ये जाऊन रिमूव्ह करता येते. लिंक करायच्या आधी तीच ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये उघडून हॅच, झाडांचे ब्लॉक, शेजाऱ्यांची घरं सगळं काढून टाक, हद्द, रस्ता आणि लेव्हल ठेव.

आणि हो, सर्व्हे जीपीएसचा असेल तर एक गंमत असते. त्यातले आकडे यूटीएमचे असतात (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत), आणि यूटीएममध्ये नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, मोजतात विषुववृत्तापासून. बेळगावचं नॉर्दिंग साडेसतरा लाख मीटरच्या आसपास येतं. म्हणजे तुझा प्लॉट ड्रॉइंगच्या शून्यापासून पावणेदोन हजार किलोमीटर लांब बसलेला. रेविटला २० मैलांच्या पलीकडची भूमिती चालत नाही, रेषा थरथरतात, हॅच बिघडतात, मग माणूस वैतागून परत इंपोर्ट करतो, आधीचं तसंच राहतं, अन् एकाच सर्व्हेच्या तीन कॉप्या मॉडेलात होतात. म्हणून सर्व्हे शून्याजवळ आणून लिंक करायचा आणि खरे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये ठेवायचे.

बाकीचं भराभर सांगतो. मॅनेज इमेजेसमध्ये जाऊन जुने जेपीजी काढ, प्रोजेक्टमध्ये सेव्ह केलेले रेंडर पण काढ. ठरून गेलेले डिझाइन ऑप्शन उगंच पाळायचे नाहीत. मालकांना दाखवायला काढलेले सेक्शन १, सेक्शन १ कॉपी, सेक्शन १ कॉपी २ असले व्ह्यू शीटवर नसतील तर उडव. मग पर्ज, आणि एकदा नाही, आकडा शून्य येईपर्यंत, कारण एक फॅमिली गेली की तिच्या आतल्या वस्तू रिकाम्या होतात आणि त्या पुढच्या फेरीत निघतात. शेवटी संध्याकाळी सगळ्यांना फाईलमधनं बाहेर काढून सिंक्रोनाइझ करताना कॉम्पॅक्ट सेंट्रल मॉडेलवर खूण कर (सेंट्रल म्हणजे सगळ्या ऑफिसची मिळून एक मुख्य फाईल). त्यासमोर कंपनीनंच स्लो असं लिहिलंय, तेव्हा घाईच्या वेळी नको. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नवीन लोकल, म्हणजे त्या मुख्य फाईलची आपल्या मशीनवरची प्रत, घ्यायची, जुनी लोकल घेऊन बसलेला एक जरी असला तरी तो शिव्या खाणार.

एवढं करून फाईल निम्मी तरी व्हायला पाहिजे. नाही झाली तर विंग वेगळ्या करून एकमेकांत लिंक करा, तीन विंग एकाच फाईलमध्ये ठेवायची मुळात गरज नव्हती, पण हे मालकांना तू सांगू नको, मी सांगितलं म्हण.

प्रश्न : मी शहापुरात ड्राफ्टिंगची कामं घेतो, ऑटोकॅडवर. एका लेआउटची फाईल आहे, साठ प्लॉट, रस्ते, एक बाग, बस. ३८ एमबी! दुसरी असली कामं एक-दीड एमबीत होतात. ओव्हरकिल मारलं, पर्ज मारलं, ऑडिट मारलं, ढिम्म. फाईलला भूत लागलंय काय?

लागलंय की, आणि ते भूत कुणाचं ते पण सांगतो. पण आधी एक छोटी परीक्षा करा. फाईलची कॉपी घ्या (कॉपी हं, मूळ फाईलवर नको), सगळे लेयर ऑन, थॉ, अनलॉक करा, सगळं सिलेक्ट करून इरेज करा, लेआउटमधलं पण, आणि वेगळ्या नावानं सेव्ह करा. आता साइज बघा. एकदोन एमबीवर आली तर भार ड्रॉइंगमध्येच होता, हॅच किंवा ब्लॉक तपासा. पण पडदा कोराकरकरीत आणि फाईल अजून ३०-३५ एमबी, असं असलं तर कचरा न दिसणारा आहे. तुमच्या वर्णनावरनं मला हा न दिसणारा प्रकारच वाटतोय.

न दिसणाऱ्या कचऱ्यातला सगळ्यात मोठा डांबरट म्हणजे डीजीएन लाइनटाइप. मायक्रोस्टेशन नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधनं आलेल्या ड्रॉइंगात, म्हणजे रस्त्यांच्या, कालव्यांच्या वगैरे कामांत, हे येतात. कुणीतरी कधीतरी तसली फाईल ऑटोकॅडमध्ये आणली, दुसऱ्यानं त्यातनं एक नॉर्थ सिंबॉल कॉपी-पेस्ट केला, तिसऱ्यानं त्याच्या फाईलमधनं टायटल ब्लॉक उचलला, आणि प्रत्येक पेस्टबरोबर ती लागण पुढं गेली. साध्या रेषेबरोबरसुद्धा जाते. एक काळ असा होता की या भानगडीपायी कंपनीला वेगळा हॉटफिक्स काढायला लागला. आता नव्या व्हर्जनमध्ये पर्जच्या खिडकीतच ऑटोमॅटिकली पर्ज ऑर्फन्ड डेटा अशी खूण असते, ती करून पर्ज मारा. तुम्ही पर्ज मारलं म्हणता, पण ती खूण बघितली नसेल.

दुसरा कचरा रेगअॅप्सचा, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी ड्रॉइंगमध्ये सोडलेल्या नावांचा. तो साध्या पर्जच्या यादीत नीट निघत नाही, कमांड लाइनवर मायनस पर्ज टाइप करायचं, मायनससकट, मग आर, मग स्टार, मग प्रत्येक नाव विचारू का म्हटल्यावर नो. हजारो नावं पडद्यावरनं सरसर जाताना बघायला बरं वाटतं, घर झाडल्यासारखं. तिसरा स्केलचा. एक्सरेफ-एक्सरेफ अशी शेपटी लागलेली शेकडो स्केल यादीत दिसत असतील तर मायनस स्केललिस्टएडिट, आर, वाय, ई. चौथा लेयर फिल्टरचा, लेयरच्या खिडकीत डाव्या बाजूला लांबच लांब यादी असली तर ती उडवा, लेयर नव्हे, फिल्टर.

हे सगळं करून सेव्ह केलंत आणि साइज तेवढीच दिसली तर घाबरू नका. ऑटोकॅड दर सेव्हला अख्खी फाईल नव्यानं लिहीत नाही, बदललेलं तेवढं मागं जोडत जातं आणि मधली रिकामी जागा चालवून घेतं. किती चालवायची ते आयसेव्हपर्सेंट नावाचं व्हेरिएबल ठरवतं, मुळात ते ५० असतं. ते शून्य करा आणि परत सेव्ह करा, किंवा सेव्ह अॅज करा, मग खरी साइज कळते. मला हे कळायला कितीतरी वर्षं गेली, तोवर मी पर्जलाच नावं ठेवत होतो.

आता महत्त्वाचं. ही एक फाईल साफ करून उपयोग नाही. तुमचं टायटल ब्लॉक, झाडं, गाड्या, नॉर्थ, ज्या फाईलमधनं तुम्ही रोज उचलता ती फाईल आधी साफ करा, नाहीतर उद्याच्या लेआउटला परत तेच. आणि एक्सरेफ, म्हणजे बाहेरची दुसरी ड्रॉइंग, जोडताना अटॅचऐवजी ओव्हरले करत जा, अटॅच केलं की तुमच्या मागनं त्याची पिलावळ पुढच्या फाईलमध्ये शिरते.

प्रश्न : जांबोटी रोडला एका होमस्टेचं काम करतेय, कौलारू घर, लाकडी कठडा, पडवी, सगळं जुन्या पद्धतीचं. स्केचअप मॉडेल २९० एमबी झालं आणि फिरवायला गेलं की अडकतं. क्लायंटला समोर बसवून दाखवायचंय. कौलं हाईड केली की छान फिरतं पण फाईल तेवढीच राहते. असं का?

ताई, फोटो पाठवलात म्हणून कळलं, नाहीतर मी भलतंच सांगितलं असतं. तुम्ही प्रत्येक कौल खरं बसवलंय! कौतुक आहे, खानापूरच्या कुंभाराला दाखवलं तर तो पण हात जोडेल, पण संगणकाला एवढी श्रद्धा नसते.

हिशोब करू. मंगलोरी कौल शंभर चौरस फुटाला सव्वाशे-दीडशे लागतात. तुमचं छप्पर अंदाजे २४०० चौरस फूट धरलं तर तीन हजार कौलं झाली. डाउनलोड केलेल्या कौलाला खाचा, पन्हळी, मागचा शिक्का सगळं धरून ४०० फेस, म्हणजे सपाट तुकडे, असतील तर तीन हजार गुणिले चारशे, बारा लाख फेस. अख्ख्या घराला, भिंती-दारं-खिडक्या धरून, वीस-तीस हजार फेस पुरतात.

आता इथं दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक फाईलचं वजन, दुसरं पडद्यावरचं अडकणं. सगळी कौलं एकाच कंपोनंटच्या प्रती असत्या तर फाईल छोटीच राहिली असती, कारण कौलाचं वर्णन एकदाच लिहिलं जातं, बाकी फक्त कुठं ठेवायचं तेवढं. पण पडद्याला बारा लाख फेस काढावेच लागले असते, म्हणजे अडकणं तसंच. हाईड केलं की उलट, पडदा मोकळा होतो, पण फाईलमध्ये माल आहे तिथंच आहे. तुमच्याकडं दोन्ही दुखणी आहेत, याचा अर्थ कौलं सुटे ग्रुप आहेत आणि मधेमधे तुम्ही काही एडिट पण केलीत, मेक युनिक झालीत.

उपाय असा, छपराचा उतार एक साधा फेस ठेवा आणि त्यावर कौलाचा फोटो टेक्स्चर म्हणून लावा. फोटो मोबाईलवरनं काढलेला चार-पाच एमबीचा तसाच लावू नका, तो फाईलच्या आत जाऊन बसतो, आधी हजारभर पिक्सेलला लहान करा. मग फक्त वळचणीची एक ओळ आणि आढ्यावरची ओळ खरी कौलं ठेवा, कंपोनंट म्हणून. माणूस खाली अंगणात उभा राहून वर बघतो तेव्हा त्याला वळचणच दिसते, तिथली जाडी आणि सावली खरी असली की बाकीचं छप्पर डोळा मानून घेतो. क्लायंटला आजपर्यंत कधी कळलेलं नाही. रेंडरला अगदीच खरी कौलं पाहिजेत तर ती वेगळ्या फाईलमध्ये ठेवून शेवटच्या दिवशी आणा.

कठड्याचं पण बघा. ते कातीव दांडे फॉलो मीनं केलेत, वर्तुळाला स्केचअप आपोआप २४ बाजू देतं. तुमच्या दांड्याच्या नक्षीत वरपासून खालपर्यंत ४० तुकडे असतील तर एका दांड्याला २४ गुणिले ४०, म्हणजे ९६० फेस. वर्तुळ काढताना ८ बाजू द्या, नक्षी १२ तुकड्यांत बसवा, ९६ फेस. स्मूथ केल्यावर दहा फुटांवरनं फरक दिसत नाही. दोनशे दांड्यांत पावणेदोन लाख फेस वाचले.

अंगणातली जीप डाउनलोड केलेली दिसतेय, तिच्या टायरला खाचा आहेत आणि आत स्टिअरिंगसुद्धा आहे. काढा. झाडं फेस-मी प्रकारची घ्या, म्हणजे चपटं चित्र जे कॅमेऱ्याकडं तोंड करत राहतं. सगळं झाल्यावर मॉडेल इन्फो, स्टॅटिस्टिक्स, पर्ज अनयूज्ड. तोपर्यंत उडवलेल्या सगळ्या वस्तू फाईलच्या आत लायब्ररीत बसून असतात, डिलीट केलं म्हणजे गेलं असं स्केचअपमध्ये नसतं.

प्रश्न : संकेश्वरहून लिहितोय. मंजुरीच्या शीटची पीडीएफ ४६ एमबी होते, ऑनलाईन घेत नाहीत. ऑनलाईन फुकट कॉम्प्रेस करणाऱ्या साइटवर टाकली तर माप वाचता येईना झालं. शीटवर कानडीत पण मजकूर असतो, तो तिकडच्या मशीनवर बिघडू नये म्हणून मी एक्स्प्लोड करून टाकतो. चूक काय होतंय?

चूक तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलीय, पण तिथपर्यंत जाऊ हळूहळू.

पीडीएफ उघडून एखाद्या भिंतीवर खूप झूम करा. रेषेला दातेरी कडा दिसल्या तर अख्खी शीट चित्र होऊन गेलीय. ऑटोकॅडमध्ये प्लॉट करताना प्लॉट ट्रान्स्परन्सीची खूण राहिली की असं होतं, पार्किंगवर तो पारदर्शक हिरवा रंग टाकलाय ना, त्याच्यासाठी. खूण काढा, रंगाऐवजी विरळ हॅच द्या. रेषा स्वच्छ दिसत असल्या तर मग शीटवर चिकटवलेली स्कॅन बघा, जुना नकाशा, सर्व्हे स्केच वगैरे. ए३ कागद ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला की जवळपास सात कोटी पिक्सेल होतात. तोच २०० डीपीआयला केला की पिक्सेल नववा हिस्सा, आणि ग्रेस्केल केला की त्याचाही तिसरा, म्हणजे कच्चा माल सत्तावीसपट कमी. सातबाऱ्याच्या आपल्या कर्नाटकी भावाला, त्या उताऱ्याला, रंग लागतो कशाला!

आता कानडी. आपल्या भागातली ही खास अडचण, पुण्या-मुंबईच्या कॅडवाल्यांना ही माहीतच नाही. शीटवर कानडी पाहिजे, घरमालकाला स्वतःचं नाव मराठीत पण पाहिजे, नुडी या कानडी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात टाइप केलं तर दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की सगळं चिन्ह-चिन्ह दिसतं, मग लोक टीएक्सटीएक्सपी मारून अक्षरं पॉलीलाइन करून टाकतात. नुसता मजकूर असतो तेव्हा एक अक्षर म्हणजे दोन-चार बाइट. त्याची पॉलीलाइन केली की शेकडो बिंदू, आणि कानडी अक्षर तर अंगानंच गोल, वळणावळणाला बिंदू. अटी-शर्तींचे दोन परिच्छेद एक्स्प्लोड केले की घराच्या प्लॅनपेक्षा त्या परिच्छेदांत जास्त रेषा होतात. आणि नंतर एक शब्द बदलायचा म्हटलं तर बसा.

त्यापेक्षा युनिकोडमध्ये टाइप करून एमटेक्स्टमध्ये टाका आणि फॉन्ट निर्मला यूआय द्या. तो विंडोज ८ पासून मशीनमध्ये असतोच आणि एकाच फॉन्टमध्ये कानडी आणि देवनागरी दोन्ही आहेत, म्हणजे मालकाचं नाव पण तिथंच. पीडीएफ काढताना पीडीएफ ऑप्शन्समध्ये कॅप्चर फॉन्ट्सवर खूण ठेवा, त्यानं फॉन्ट पीडीएफच्या आतच जातो आणि तिकडच्या मशीनवर असो-नसो, दिसतो. त्याच्या खालची कन्व्हर्ट ऑल टेक्स्ट टू जॉमेट्री ही खूण मात्र काढा, ती तुमचंच एक्स्प्लोडचं काम गुपचूप करते. फुकटच्या साइटवर क्लायंटचे प्लॅन टाकणं बंद करा, ते वेगळं.

प्रश्न : अथणीहून. फाईल झिप केली तर लहान होत नाही, फक्त दोन-तीन टक्के. झिप सॉफ्टवेअर बदलू काय?

नको. डीडब्ल्यूजी २००४ च्या फॉरमॅटपासून आतूनच दाबलेली असते, रेविटची पण तशीच, स्केचअपची २०२१ पासूनची तर मुळात झिपच आहे. दाबलेली गादी परत किती दाबणार? झिपचा उपयोग एवढाच की एक्सरेफ, फॉन्ट, प्लॉट स्टाइल सगळं एका गाठोड्यात जातं, त्यासाठी ऑटोकॅडमधलं ईट्रान्समिट वापरा. जीमेलची मर्यादा २५ एमबी, त्यापुढं ड्राइव्हची लिंक द्या. आणि तुमची हार्ड डिस्क भरत चालली असेल तर फोल्डरात बीएके, एसकेबी या बॅकअप फाईल आणि नावाच्या शेपटीला ०००१, ०००२ असे आकडे लागलेल्या रेविट फाईल शोधा. रेविट साध्या फाईलच्या तीन आणि वर्कशेअरिंगच्या (अनेकांनी मिळून वापरायच्या) फाईलच्या वीस जुन्या प्रती सांभाळतं, काम संपलेल्या प्रोजेक्टला त्या कशाला पाहिजेत.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलं होतं की आठवड्याला एकदा पर्ज करत जा. मी गोकाकचा. नवीन शाळेचं मॉडेल आमच्या टेम्पलेटवर सुरू केलं, नुसत्या भिंती उभ्या केल्या आणि शनिवारी तुमचं ऐकून पर्ज मारलं. सोमवारी मालक दार लावायला बसले तर एक दार नाही, खिडकी नाही, टायटल ब्लॉक नाही. पुढचं तुम्हीच समजा.

समजलो. चूक माझी, आणि ती छापील झाली म्हणून माफी पण छापील मागतो. मी लिहिताना माझ्या डोळ्यासमोर वर्षभर चाललेली प्रोजेक्ट होती. नव्या प्रोजेक्टात टेम्पलेटमधली सगळी दारं, खिडक्या, टॅग अजून न वापरलेलेच असतात, आणि पर्जला न वापरलेलं म्हणजे कचरा. त्याला काय माहीत तुम्ही पुढच्या आठवड्यात वापरणार होता ते. ऑफिस टेम्पलेटवर तर पर्ज कधीच मारू नका, आणि प्रोजेक्टात वर्किंग ड्रॉइंग निघेपर्यंत मारताना चेक नन करून, मग हातानं एकेक निवडा, ऑल तसंच ठेवून ओके दाबू नका.

आता परत आणायचं कसं. फाईल एकट्याची असेल तर त्याच फोल्डरात शनिवारची आकडेवाली बॅकअप असेल, पण सोमवारपासून तीनपेक्षा जास्त वेळा सेव्ह झालं असेल तर ती आतापर्यंत गेली असणार. सेंट्रल फाईल असेल तर कोलॅबोरेट टॅबमध्ये रिस्टोअर बॅकअप बघा, तिथं वीस प्रतींपर्यंत मागं जाता येतं, पण सोमवारचं काम जाईल म्हणून आधी आजची प्रत बाजूला काढून ठेवा. दोन्ही नाही जमलं तरी नुकसान वाटतं तेवढं नाही. टेम्पलेटवरनं एक नवीन रिकामी फाईल उघडा, दोन्ही फाईल उघड्या ठेवून मॅनेजमधलं ट्रान्सफर प्रोजेक्ट स्टँडर्ड्स चालवा, त्यानं भिंतींचे प्रकार, लाइन स्टाइल, व्ह्यू टेम्पलेट वगैरे येतात. दारं-खिडक्या आणि टायटल ब्लॉक त्यानं येत नाहीत, ते त्या रिकाम्या फाईलमधनं वर सांगितलेल्या सेव्ह अॅज लायब्ररीनं फोल्डरात काढा आणि तुमच्या मॉडेलात लोड फॅमिली करताना सगळ्या एकदम निवडून घ्या. तासाभराचं काम आहे. मालकांना माझा नंबर नका देऊ.